सिडनीच्या विद्यापीठाचे दार

इ. स. १८१३ ची गोष्ट. 'हेस्पर' नावाची एक इंग्रजी लढाऊ नौका मुंबईस आली होती. नौकेवरील तरुण शल्यवैद्य विल्यम ब्लंड आणि भांडार-अधिकारी रॉबर्ट केस यांच्यात अधिकाऱ्यांच्या खान्यात शब्दाने शब्द वाढला. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांत अशा भांडणाचा निकाल पिस्तुलाने लावण्याची दुष्ट चाल होती. दोघांत द्वंद्वयुद्ध झाले व केस ठार झाला. मुंबईच्या न्यायालयापुढे ब्लंडवर खुनाचा खटला चालला. न्यायालयाने दयेची शिफारस केली खरी, पण सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा काही चुकली नाही. त्या दिवसांत इंग्रज गुन्हेगारांचे काळे पाणी म्हणजे ऑस्ट्रेलिया. मुंबईत दोषी ठरलेला हा वैद्य १८१४ मध्ये सिडनीस पोचला.

एका विद्यापीठाची हकीकत सांगण्यास बसून द्वंद्वयुद्धाने आरंभ का केला, असे कोणी विचारील. परंतु ऑस्ट्रेलियातील सर्वांत जुन्या विद्यापीठाची हकीकत या माणसावाचून पुरी होत नाही, आणि त्यात आपल्या मुंबईचाही थोडा भाग आहे.

ब्लंडला १८१५ मध्येच माफी मिळाली. त्याने सिडनीत दवाखाना थाटला. अनाथ व निराधार माणसांवर तो वर्षानुवर्षे उपचार करीत राहिला, आणि पुढे लोकांनी त्याला कायदेमंडळावर निवडून दिले. तेथे त्याचा सहकारी व मित्र होता विल्यम चार्ल्स वेंटवर्थ. वेंटवर्थ हा निळ्या पर्वतांची रांग १८१३ मध्ये पार करणाऱ्या तिघा गोऱ्यांपैकी एक. बाप शल्यवैद्य, आई मात्र शिक्षा होऊन आलेली कैदी स्त्री. वसाहतीतल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी अर्धे जग ओलांडून इंग्लंडास जावे लागते, आणि ते फक्त श्रीमंतांनाच परवडते, हे त्याच्या मनाला लागून राहिले होते. १८४९ मध्ये त्याने सिडनीत विद्यापीठ काढण्याचा प्रस्ताव कायदेमंडळापुढे आणला. या विद्यापीठाचे दार मोझेस, येशू, महंमद, विष्णू अथवा बुद्ध यांपैकी कोणाच्याही अनुयायाला सारखेच खुले राहावे, अशा आशयाचे भाषण त्याने केले. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये ज्याला इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चची धर्मसूत्रे मान्य नाहीत त्याला प्रवेशच मिळत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे हे बोलणे किती धीट होते ते कळून येईल. सिडनीच्या त्या सभागृहात विष्णूचे नाव उच्चारले गेले तेव्हा त्याचा एकही भक्त तेथे हजर नसावा. आज मात्र त्याच्या भक्तांची मुले त्या विद्यापीठात मोठ्या संख्येने शिकत आहेत.

धर्माचा प्रश्न एवढ्या उदारपणे सोडवणारे सभागृह माणसाच्या पूर्वायुष्यापाशी मात्र अडखळले. विद्यापीठाच्या पहिल्या कारभारी मंडळात, म्हणजे सिनेटमध्ये, वेंटवर्थने ब्लंडचे नाव सुचवले होते. शिक्षा भोगलेला माणूस विद्यापीठाच्या सिनेटवर कसा बसेल, असा आक्षेप निघाला. प्रस्ताव त्या वर्षी बारगळला. पुढल्या वर्षी, म्हणजे १८५० मध्ये, कायदा संमत झाला तेव्हा सोळा सभासदांच्या यादीत ब्लंडचे नाव नव्हते. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे गोरगरिबांची नाडी पाहिली, त्याला तरुणपणातील एका अविचाराबद्दल दाराबाहेर ठेवण्यात आले. सर्वांना दार उघडे ठेवू म्हणणाऱ्या संस्थेने पहिल्याच दिवशी एकासाठी ते लावून घेतले. पुढील पावणेदोनशे वर्षांचा इतिहास वाचताना हे दार कोणासाठी केव्हा व कसे उघडले, हेच पाहण्यासारखे आहे.

आपल्या कॅथॉलिक बांधवांची तेथील स्थिती त्या काळी कशी होती? ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या कैद्यांत आयर्लंडचे गरीब कॅथॉलिक पुष्कळ. जेम्स डिक्सन नावाचे एक धर्मगुरू स्वतःच कैदी म्हणून आले होते. त्यांनी १५ मे १८०३ रोजी सरकारी परवानगीने सिडनीत पहिली जाहीर मिस्सा अर्पण केली. पण पुढल्याच वर्षी आयरिश कैद्यांचे बंड झाले, आणि ती परवानगी काढून घेण्यात आली. १८२० मध्ये दोन धर्मगुरूंना अधिकृतपणे येण्याची मुभा मिळेपर्यंत त्या लोकांना संस्कारांवाचून बहुतेक काळ काढावा लागला. अशा अनुभवातून गेलेल्या समाजाला सरकारी विद्यापीठाबद्दल संशय वाटावा, यात नवल नाही. त्यातून कायद्यात असे कलम होते की, सिनेटच्या सोळांपैकी निदान बारा सभासद धर्मोपदेशक नसलेले असावेत, आणि पदवीसाठी कोणाचीही धर्मविषयक परीक्षा घेऊ नये. बऱ्याच धर्माधिकाऱ्यांना, त्यांत अँग्लिकन बिशपही आले, ही देवाला बाहेर ठेवणारी शाळा वाटली. (गंमत अशी की, विद्यापीठाचे पहिले प्राचार्य जॉन वुली हे स्वतः अँग्लिकन पाद्री होते.)

सिडनीचे पहिले आर्चबिशप जॉन बीड पोल्डिंग हे बेनेडिक्टाइन संन्यासी. त्यांनी विद्यापीठाकडे पाठ फिरवली नाही. १८५४ मध्ये एक कायदा झाला. त्यान्वये प्रत्येक ख्रिस्ती पंथाला विद्यापीठाच्या आवारात जमीन घेऊन आपले महाविद्यालय उभारता येई, आणि लोकांनी वर्गणी जमवली तर ठरावीक मर्यादेपर्यंत सरकारही आपली भर घाली. मुलांनी राहायचे, प्रार्थना करायची, धर्मशिक्षण घ्यायचे ते आपल्या महाविद्यालयात, आणि व्याख्याने ऐकायची, परीक्षा द्यायच्या त्या विद्यापीठात, अशी ही वाटणी. पोल्डिंग यांनी ती स्वीकारली. विद्यापीठाच्या सिनेटवरही ते बसले. १८५७ च्या कायद्याने सेंट जॉन्स कॉलेज स्थापन झाले. ऑस्ट्रेलियातील विद्यापीठाशी जोडलेले हे पहिले कॅथॉलिक महाविद्यालय. त्याची दगडी इमारत विल्यम वॉर्डेल या कॅथॉलिक स्थापत्यकाराने आखली. सिडनीचे सेंट मेरी कॅथीड्रल त्याचेच काम. मूळ आराखडा एवढा भव्य होता की पैशाअभावी तो पुष्कळ वर्षे अपुराच राहिला. आपल्याकडील कितीतरी देवळांचे मनोरे असे वर्षानुवर्षे वर्गणीची वाट पाहत उभे असतात. त्यांच्याकडे पाहणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही.

पुढे १९२६ मध्ये सेक्रेड हार्टच्या धर्मभगिनींनी कॅथॉलिक मुलींसाठी सँक्टा सोफिया हे वसतिगृह काढले. सेंट जॉन्समध्ये २००१ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. या महाविद्यालयांचे सगळेच गोड आहे असे मात्र नाही. २०१२ मध्ये नवागत विद्यार्थ्यांना छळण्याच्या प्रकारावरून सेंट जॉन्सचे नाव वर्तमानपत्रांत वाईट रीतीने गाजले. दारावर पवित्र नाव कोरले म्हणून आतील माणसे आपोआप पवित्र होत नाहीत, हे आईबापांनी लक्षात ठेवलेले बरे.

आता मूळ विद्यापीठाकडे वळू. ११ ऑक्टोबर १८५२ रोजी उद्घाटन झाले, तेव्हा प्रवेश मिळालेले विद्यार्थी होते अवघे चोवीस! प्राध्यापक तीन. वुली ग्रीक-लॅटिन शिकवीत, मॉरिस पेल गणित, आणि जॉन स्मिथ रसायन व पदार्थविज्ञान. जागाही स्वतःची नव्हती. एका जुन्या शाळेच्या मोठ्या खोलीत वर्ग भरत. १८५५ मध्ये शहराबाहेरील ग्रोझ फार्मची टेकडी मिळाली. गोरे येण्यापूर्वी हजारो वर्षे ही भूमी गॅडिगल या आदिवासी लोकांची होती. आज विद्यापीठ आपल्या समारंभांत हे उघडपणे सांगते. १८५२ साली ते कोणाच्या ओठावर आले नव्हते.

एडमंड ब्लॅकेट या स्थापत्यकाराने टेकडीवर वाळूच्या दगडाची एक लांबलचक इमारत व तिच्या टोकाला महासभागृह बांधले. हे सभागृह १८५९ मध्ये पुरे झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या धर्तीवर त्याचे उंच लाकडी छत आहे, आणि छताच्या तुळयांतून कोरलेले देवदूत खाली पाहत असतात. पदवीदान याच सभागृहात होते. पावसाचे पाणी ओतणाऱ्या दगडी मुखवट्यांत इंग्लंडच्या चालीप्रमाणे राक्षस आहेत, पण त्यांच्यात एक कांगारूही आहे. पाथरवटाने या परक्या घडणीत आपल्या मुलखाचे जनावर घातले, ही त्याची हौस मला फार आवडते. विद्यापीठाचे लॅटिन ब्रीदही असेच दूरदेशीचे. त्याचा भाव असा की, तारे बदलले तरी बुद्धी तीच. दक्षिण गोलार्धात आकाशच वेगळे, ध्रुवतारा दिसत नाही, त्याअर्थी हे ब्रीद शब्दशः खरे आहे.

बिचाऱ्या वुलींचा अंत दुःखद झाला. इंग्लंडहून परत येताना जानेवारी १८६६ मध्ये 'लंडन' नावाची आगबोट बिस्केच्या उपसागरात बुडाली, तीत ते गेले. पहिली तीस वर्षे विद्यापीठ रडतखडतच चालले. लोक म्हणत, एवढा मोठा वाडा आणि आत मूठभर पोरे.

मग दोन मृत्युपत्रांनी त्याचे नशीब पालटले. जॉन हेन्री चॅलिस हा सिडनीत धंदा करून श्रीमंत झालेला व्यापारी. स्वतः विद्यापीठाचा पदवीधर नव्हे. तो १८८० मध्ये वारला, आणि आपल्या मालमत्तेचा मोठा भाग विद्यापीठास ठेवून गेला. सर्व कायदेशीर बाबी उरकून १८९० च्या सुमारास हा पैसा हाती आला, तेव्हा तो दोन लाख पौंडांहून अधिक भरला. तत्त्वज्ञान, इतिहास, कायदा, अभियांत्रिकी अशा विषयांची नवी अध्यासने त्यातून सुरू झाली. दुसरा टॉमस फिशर. हा बूटजोड्यांच्या धंद्यावर पैसा मिळवून घरे-जमिनी घेतलेला माणूस, विद्यापीठाच्या जवळपास राहणारा. १८८४ मध्ये वारताना त्याने ग्रंथालयासाठी तीस हजार पौंड ठेवले. आज फिशर ग्रंथालय हे दक्षिण गोलार्धातील मोठ्या ग्रंथालयांपैकी एक आहे. ज्याने शाळेत फार दिवस काढले नाहीत त्याच्या पैशाने पंडितांच्या पुस्तकांची सोय व्हावी, ही घटना सर्वच देशांत पुनःपुन्हा घडते. शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांनाच विद्येची किंमत अधिक कळते की काय, असे कधी कधी वाटते.

स्त्रियांना प्रवेश देण्याचा ठराव सिनेटने १८८१ मध्ये केला. मेरी ब्राऊन व इसोला थॉम्प्सन या दोघी १८८५ मध्ये पहिल्या पदवीधर झाल्या. कागदावर दार उघडले तरी दारातले द्वारपाळ लगेच बदलत नाहीत. डॅगमार बर्न ही वैद्यकी शिकायला आलेली पहिली मुलगी. वैद्यकशाखेचे प्रमुख अँडर्सन स्टुअर्ट यांना स्त्रियांनी डॉक्टर होणे मुळीच पसंत नव्हते. तिला शेवटी इंग्लंडला जाऊन शिक्षण पुरे करावे लागले. परत येऊन तिने रोग्यांची सेवा केली आणि १९०० मध्ये अकाली मरण पावली. दरम्यान १८९३ मध्ये ग्रेस रॉबिन्सन व आयझा कॉघलन या दोन मुली त्याच शाखेतून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या.

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांत जॉन कॉर्नफर्थची हकीकत कोणत्याही घरात मोठ्याने वाचावी अशी आहे. १९१७ मध्ये सिडनीत त्याचा जन्म झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याचे कान जाऊ लागले आणि विशीत तो पूर्ण बहिरा झाला. सोळाव्या वर्षी विद्यापीठात आला, तेव्हा प्राध्यापकांचे व्याख्यान त्याला ऐकू येत नसे. मग त्याने काय केले? रसायनशास्त्रावरील ग्रंथ व मूळ निबंध स्वतः वाचले, जर्मन भाषेतलेसुद्धा. प्रयोगशाळेत तर कानांची गरजच नव्हती. काच फुंकून भांडी बनवण्यात त्याचा हात फार चांगला. एके दिवशी रिटा हॅराडन्स या सहाध्यायिनीकडून एक किमती चंबू फुटला, तो कॉर्नफर्थने जोडून दिला. ओळख तेथून झाली. १९३९ मध्ये दोघांनाही एकाच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जायला मिळाले. तेथे त्यांचे मार्गदर्शक रॉबर्ट रॉबिन्सन. हे रॉबिन्सन १९१२ ते १९१५ या काळात सिडनीतच प्राध्यापक होते आणि पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. कॉर्नफर्थ व रिटा यांचे १९४१ मध्ये लग्न झाले. ती आयुष्यभर त्याची सहसंशोधक राहिली, आणि जगाचे बोलणेही पुष्कळदा तिच्याच द्वारे त्याच्यापर्यंत पोचे. १९७५ मध्ये कॉर्नफर्थला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत शरीरातील द्रव्ये घडताना अणू कोणत्या बाजूने येऊन चिकटतात, याचा त्याने छडा लावला होता.

दुसरी हकीकत आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियन सरकारची रेडिओ-भौतिकीची प्रयोगशाळा याच विद्यापीठाच्या आवारात होती. युद्धात शत्रूची विमाने हेरण्यासाठी वापरलेली रडारची विद्या तेथील शास्त्रज्ञांनी आकाशाकडे वळवली. सूर्य व तारे प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही पाठवीत असतात, त्या टिपायच्या. १९५३ मध्ये कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर गोविंद स्वरूप हा भारतीय तरुण तेथे शिकायला आला. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे क्रिस्टियनसन यांनी सहा फूट व्यासाच्या बत्तीस धातूच्या तबकड्या रांगेत मांडून सूर्य पाहण्याची सोय केली होती. ते आता दुसरीकडे नवे यंत्र उभारीत होते, तेव्हा जुन्या तबकड्या मोडीत जाणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या, आणि ऑस्ट्रेलियन लोकांनी त्या भेट दिल्या. काही वर्षे त्या दिल्लीत पडून होत्या. स्वरूप अमेरिकेहून परतून १९६३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि १९६५ मध्ये त्याच तबकड्यांनी कल्याणजवळ भारतातील पहिल्यांपैकी एक रेडिओ दुर्बीण उभी राहिली. पुढे त्याच गटाने जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड तबकड्यांची दुर्बीण बांधली. नाशिकच्या रस्त्याने जाताना त्या पांढऱ्या जाळीदार परड्या ज्यांनी दुरून पाहिल्या असतील, त्यांनी सिडनीतील त्या दानाची आठवण ठेवावी. क्रिस्टियनसन १९६० मध्ये सिडनी विद्यापीठातच प्राध्यापक झाले. त्यांच्याच सुमारास तेथे आलेले हॅनबरी ब्राऊन तर आपल्या निलगिरीत जन्मलेले. त्यांनी नॅराब्राय या गावी दोन भल्यामोठ्या आरशांनी बत्तीस ताऱ्यांचे व्यास मोजून काढले.

या साऱ्याला पैसा कोठून येत असे? पदार्थविज्ञानाचे प्रमुख हॅरी मेसल हे मागण्यात मोठे कुशल. ॲडॉल्फ बॅसर या जवाहिऱ्याच्या 'डेल्टा' नावाच्या घोड्याने १९५१ ची मेलबर्न चषकाची शर्यत जिंकली. मेसल यांनी त्याच्याकडून पन्नास हजार पौंड मिळवले आणि विद्यापीठाचा पहिला गणकयंत्र 'सिलियाक' १९५६ मध्ये सुरू केला. घोड्यांच्या शर्यतीचे समर्थन हे पत्र करीत नाही, पण एवढा पैसा याहून चांगल्या ठिकाणी क्वचितच गेला असेल.

घोरणे ही घराघरांतील थट्टेची बाब आहे. परंतु काही माणसांचा घसा झोपेत इतका मिटतो की श्वासच काही क्षण बंद पडतो, मग गुदमरून जाग येते, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा श्वास अडतो, आणि हे रात्रीत शेकडो वेळा चालते. दिवसा असा माणूस बसल्या जागी पेंगतो व त्याच्या हृदयावर ताण पडतो. पूर्वी अवघड रोग्यांच्या गळ्याला भोक पाडून नळी घालण्यावाचून खात्रीचा इलाज नव्हता. सिडनी विद्यापीठाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये केर ओढणाऱ्या यंत्राची मोटर उलटी लावून नाकावरच्या मुखवट्यातून हलक्या दाबाने हवा आत सोडली. हवेच्या त्या टेकूने घसा उघडा राहिला आणि रोगी शांत झोपला. पुढल्या वर्षी त्यांनी हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. आज जगभर लाखो माणसे, आपल्या शहरांतीलही, असे यंत्र उशाशी ठेवून झोपतात.

आता पुन्हा दाराची गोष्ट. ज्यांच्या भूमीवर विद्यापीठ उभे राहिले, त्या आदिवासींपैकी कोणी तेथे पदवी घेण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. चार्ल्स पर्किन्स हा ॲलिस स्प्रिंग्ज येथे जन्मलेला मुलगा. लहानपणीच आईपासून दूर ॲडलेडच्या एका अँग्लिकन वसतिगृहात वाढला. फुटबॉल उत्तम खेळे, आणि त्या कमाईचा त्याला शिक्षणात आधार झाला. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्याने सुमारे तीस विद्यार्थ्यांसह एक मोटारगाडी भाड्याने घेतली व न्यू साऊथ वेल्सच्या आडगावांचा दौरा काढला. त्या गावांत आदिवासींना क्लबांत, चित्रपटगृहात, पोहण्याच्या तलावात गोऱ्यांबरोबर मोकळेपणाने येऊ देत नसत. वॉल्गेट येथे युद्धात लढलेल्या आदिवासी सैनिकांनाही माजी सैनिकांच्या क्लबात मज्जाव होता. विद्यार्थी त्या क्लबासमोर फलक घेऊन उन्हात उभे राहिले. रात्री गाव सोडताना एका ट्रकने त्यांची गाडी रस्त्याखाली ढकलली. मोरी येथे पर्किन्सने आदिवासी मुलांना हाताला धरून नगरपालिकेच्या तलावात नेले. जमावाने अंडी व टोमॅटो फेकले. सार्वजनिक पाण्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न ज्यांच्या बापजाद्यांनी महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये उभा राहिलेला पाहिला, त्यांना या मोरीच्या तलावाची कथा परकी वाटणार नाही.

पर्किन्स १९६६ मध्ये पदवीधर झाला. ऑस्ट्रेलियात विद्यापीठाची पदवी मिळवणारा तो पहिला आदिवासी पुरुष म्हणून ओळखला जातो. पुढल्या वर्षी मे महिन्यात राज्यघटनेतील आदिवासींविषयीची भेदभावाची कलमे बदलण्यासाठी सार्वमत झाले, त्यास शेकडा नव्वदांहून अधिक मते अनुकूल पडली. विद्यापीठाने २०१४ मध्ये मधुमेह, हृदयरोग इत्यादींच्या संशोधनासाठी उभारलेल्या मोठ्या केंद्रास पर्किन्सचे नाव दिले आहे. हे रोग आदिवासींना विशेष ग्रासतात, आणि पर्किन्स स्वतः मूत्रपिंडाच्या विकाराने दीर्घकाळ आजारी होता. ब्लंडच्या नावाचे मात्र असे काही मोठे स्मारक विद्यापीठात झाल्याचे प्रसिद्ध नाही.

आजचे विद्यार्थी सत्तर हजारांच्या घरात आहेत. वर्षारंभ फेब्रुवारीत होतो, कारण तेथील नाताळ भर उन्हाळ्यात येतो. पहिल्या आठवड्यात हिरवळीवर तंबू पडतात आणि क्रिकेट, नाटक, वादविवाद, कॅथॉलिक मंडळ अशा शेकडो मंडळांची माणसे नवागतांना हाका मारीत असतात. १९२९ पासून विद्यार्थी स्वतःचे साप्ताहिक चालवतात, आणि त्यात प्राध्यापकांची व सरकारची यथेच्छ हजेरी घेतली जाते. मनोऱ्यात घंटांचा मोठा ताफा आहे. १९२८ मध्ये तो पहिल्या महायुद्धात पडलेल्या विद्यापीठाच्या १९७ माणसांच्या स्मरणार्थ बसवला. तेव्हा घंटा ४९ होत्या, आता ५४ आहेत. वादक मुठींनी लाकडी दांडके दाबून त्यांवर गीते वाजवतो.

खर्चाविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे, कारण आपल्या पॅरिशांतून आता मुले ऑस्ट्रेलियास जाऊ लागली आहेत. हे विद्यापीठ सार्वजनिक आहे. १९७४ मध्ये तेथील सरकारने फी अजिबात काढून टाकली होती. १९८९ पासून ती पुन्हा आली, परंतु त्या देशाच्या नागरिकाला ती कर्जाऊ मिळते, आणि नोकरी लागून प्राप्ती ठरावीक मर्यादेवर गेल्यावरच करासोबत थोडी थोडी फेडावी लागते. ही सवलत आपल्या मुलांना नाही. परदेशी विद्यार्थ्याला आपली फी स्वतः भरावी लागते, आणि ती फार जड असते. सिडनीत खोलीचे भाडेही तसेच. विद्यार्थ्याने फावल्या वेळात काम करावे, पण किती तास करावे याला व्हिसाची मर्यादा आहे. त्या कमाईवर फी निघेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. शेत गहाण टाकण्यापूर्वी प्रवेशाचे पत्र थेट विद्यापीठाकडून आले आहे का, शिष्यवृत्ती खरी आहे का, हे धर्मगुरूंकडून किंवा एखाद्या शिक्षकाकडून तपासून घ्यावे. मध्यस्थाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

मुख्य चौकाच्या कोपऱ्यात एक नीलमोहर होता. आपल्याकडे हा वृक्ष एप्रिलच्या उन्हात फुलतो. तेथे तो परीक्षांच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुले. नीलमोहर फुलेपर्यंत ज्याने पुस्तक उघडले नाही तो नापास, अशी विद्यार्थ्यांत समजूत होती. १९२८ मध्ये जर्मन भाषेचे प्राध्यापक वॉटरहाऊस यांनी लावलेला हा वृक्ष २८ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री, ऐन फुलांच्या दिवसांत, बुंध्याला बुरशी लागून उन्मळून पडला. माळ्यांनी त्याच्या फांद्यांपासून आधीच कलमे तयार करून ठेवली होती. त्यांपैकी एक जुलै २०१७ मध्ये त्याच जागी लावले, आणि समोरच्या कोपऱ्यात त्या देशाचा स्वतःचा, तांबड्या फुलांचा एक वृक्ष लावला.